विमान डोळ्यांसमोर आहे का, हे नियमाने आधी विचारावं

छंद म्हणून रिमोटवर विमान उडवणारा माणूस आणि कॅमेऱ्याचा ड्रोन खोक्यातून काढून दहा मिनिटात हवेत सोडणारा माणूस, या दोघांना बहुतेक देशांच्या सरकारांनी गेल्या दहाएक वर्षांत एकाच दावणीला बांधलंय. कायद्याच्या लेखी दोन्ही मानवरहित विमानंच, म्हणून रजिस्ट्रेशन तेच, उंचीची मर्यादा तीच, वजनाचे गट तेच. मला हे चूक वाटतं आणि का वाटतं ते जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयावर जे वाचायला मिळतं ते एकतर "सगळ्यावर बंदी घाला" नाहीतर "आम्हाला काही विचारूच नका" असल्या टोकाचं असतं. नियम हवेतच, त्याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो नियम कशावर बेतलेत याबद्दल. वजन, उंची, रजिस्ट्रेशन नंबर या गोष्टी कागदावर लिहायला आणि मोजायला सोप्या असतात म्हणून सगळा भर त्यांच्यावर, पण जे मोठे अपघात झाले ते बघितले तर बहुतेक वेळा खरी गोची एकच दिसते, उडवणाऱ्याची नजर विमानावर नव्हती.

२१ सप्टेंबर २०१७ ची न्यूयॉर्कची घटना घ्या. स्टेटन आयलंडजवळ अमेरिकन लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला डीजेआय फँटम ४ नावाचा एक ड्रोन धडकला. संध्याकाळची वेळ, सूर्य मावळलेला, उंची साधारण ३०० फूट. म्हणजे ४०० फुटांची जी मर्यादा सगळे घोकत असतात तिच्या आतच ड्रोन होता! ड्रोन उडवणारा तिथून अडीच मैलांवर उभा होता, स्क्रीनकडे बघत. हेलिकॉप्टर त्याला दिसलंच नाही, दिसणार तरी कसं, आणि ड्रोनशी संपर्क तुटल्यावर त्याला वाटलं की तो कुठेतरी पाण्यात पडला असेल. धडक झाली हे त्याला तपास करणारे अधिकारी संपर्क करेपर्यंत माहीतही नव्हतं. हेलिकॉप्टरमधे अडकलेल्या ड्रोनच्या तुकड्यावर सिरियल नंबर होता, त्यावरून तो सापडला. त्या भागात तेव्हा तात्पुरती उड्डाणबंदी पण होती, त्याचाही त्याला पत्ता नव्हता. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, निष्कर्षात काय म्हटलं, तर ड्रोन मुद्दाम नजरेपलीकडे नेला आणि त्यामुळे उडवणाऱ्याला हेलिकॉप्टर बघून बाजूला होता आलं नाही.

जानेवारी २०२५ मधे लॉस एंजेलिसला पॅलिसेड्सची आग लागली होती तेव्हाही तसंच. आग विझवायला कॅनडाच्या क्युबेकमधून आणलेलं सुपर स्कूपर विमान, समुद्रातून पाणी उचलून आगीवर ओतणारं, त्याच्या पंखाला एका ड्रोनने भोक पाडलं आणि ते विमान ऐन गरजेच्या वेळी काही दिवस जमिनीवर बसलं. ड्रोनवाल्याने सँटा मोनिकातल्या एका पार्किंगच्या इमारतीवरून तो सोडला होता, आग कशी दिसते ते बघायला, आणि तो अडीच किलोमीटरच्या आसपास गेल्यावर नजरेआड झाला. तिथेही उड्डाणबंदी लागू होती. म्हणजे नियम होते, एक सोडून दोन होते, आणि ते मोडले गेले. अशा घटनेनंतर दरवेळी ओरड होते की नियम अजून कडक करा, आणि ते कडक होतात कोणासाठी, तर जो आधीच सगळं पाळत होता त्याच्यासाठी.

आता रेडिओ कंट्रोल विमान कसं उडतं ते ज्यांनी जवळून बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. बाल्साच्या लाकडाचं किंवा फोमचं विमान, दीड मीटरचा पंख, हातात ट्रान्समीटर, दोन स्टिक. स्टिक सोडली म्हणून विमान जागेवर थांबत नाही. ड्रोनमधे जीपीएस असतं, हात काढला की तो हवेत तसाच तरंगत राहतो, बॅटरी संपत आली की आपलाआपण परत येतो. साध्या मॉडेल विमानात यातलं काहीच नसतं, ते सतत पुढे जातच राहतं आणि दर सेकंदाला कोणीतरी त्याला सांभाळावं लागतं. शिवाय विमान आपल्याकडे येत असेल तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, उजवीकडे स्टिक दिली की आपल्याला ते आपल्या डावीकडे वळताना दिसतं, आणि नवशिक्या इथेच गडबडतो. तीनचारशे मीटर लांब गेलं की नाक आपल्याकडे आहे की शेपूट हेच कळेनासं होतं, ढगाळ दिवशी तर नुसती काळी रेघ दिसते, आणि एकदा का दिशा हरवली की विमान गेलंच समजा. म्हणून मॉडेल उडवणारा माणूस विमान लांब नेतच नाही. त्याला कायद्याने सांगावं लागत नाही, कारण नजर हटली की महिनोनमहिने बसून बनवलेली वस्तू मातीत जाते. सरकारला जो नियम सगळ्यात जास्त पाळून हवाय, की विमान नजरेच्या टप्प्यात ठेवा, तो इथे पाळल्याशिवाय विमान उडतच नाही.

दुसरी गोष्ट शिकण्याची. विमान उडवायला कोणीतरी शिकवावं लागतं, एकट्याने व्हिडिओ बघून करायला गेलं तर बहुतेक जण पहिल्याच फेरीत आपटतात. मैदानावर जुना माणूस नव्याला बडी बॉक्सवर घेतो, म्हणजे दोन ट्रान्समीटर जोडलेले, मुलाच्या हातात एक आणि शिकवणाऱ्याच्या हातात दुसरा, शिकवणाऱ्याने स्विच दाबून ठेवला असेल तोपर्यंत कंट्रोल मुलाकडे, सोडला की परत त्याच्याकडे. पण स्टिक हातात येण्याआधी जे शिकवलं जातं ते जास्त महत्त्वाचं असतं. विमान कोणीतरी घट्ट धरायचं, प्रोपेलरच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, मग ट्रान्समीटर बंद करून बघायचं की मोटर आपोआप थांबते का. याला फेलसेफ चेक म्हणतात, आणि तो झाला नसेल तर चांगल्या क्लबात तुम्हाला उडवू देत नाहीत, तुम्ही कितीही जुने असा. मग रेंज चेक, म्हणजे सिग्नल किती लांब पोचतो ते बघणं, मग कंट्रोल बरोबर दिशेला हलतात का ते बघणं, कारण एलेरॉन, म्हणजे पंखावरच्या विमान कलवणाऱ्या पट्ट्या, उलटे जोडलेले विमान टेकऑफनंतर दोन सेकंदात कलंडतं. सगळे पायलट एका रेषेत उभे, विमानं रेषेच्या पुढे, माणसं आणि गाड्या रेषेच्या मागे. खऱ्या विमानाचा किंवा हेलिकॉप्टरचा आवाज आला की कोणीतरी ओरडतं आणि सगळे खाली येतात, त्यात चर्चा नसते. हे कुठल्याही सरकारी परीक्षेत इतकं नीट शिकवता येत नाही. अमेरिकेत २०२१ पासून छंदवाल्यांसाठी ट्रस्ट नावाची फुकट ऑनलाइन टेस्ट आहे, चुकीचं उत्तर दिलं तर बरोबर काय ते दाखवून पुढे नेतात, पास होणार हे ठरलेलंच. मी त्याच्या विरोधात नाही, निदान मूलभूत गोष्टी एकदा डोळ्यांखालून जातात. पण त्याची आणि मैदानावरच्या शिक्षणाची बरोबरी करता येणार नाही.

हा छंद अगदी मोकाट होता असंही कधी नव्हतं. अमेरिकेत अ‍ॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स १९३६ पासून आहे, ब्रिटनची संघटना तर १९२२ पासूनची. १९८१ मधे अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाने, म्हणजे एफएएने, मॉडेल विमानांसाठी एक छोटंसं पत्रक काढलं, त्यात ४०० फुटांच्या खाली उडवा, विमानतळाच्या तीन मैलांत असाल तर आधी कळवा, माणसांपासून लांब राहा असं साधं सांगितलेलं होतं, आणि ते पाळणं ऐच्छिक होतं. त्यावर तीसेक वर्षं काम चाललं, कारण पाळणारी माणसं क्लबमधून तयार होऊन येत होती. मग स्वस्त ड्रोन आले आणि शिकवणारी मधली पायरीच गेली. वस्तू इतकी हुशार झाली की ती उडवायला ना शिक्षक लागला ना मैदान. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ हेच, आणि ड्रोन बनवणाऱ्यांनाही मी दोष देत नाही, यंत्र चांगलंच आहे. पण सरकारांनी त्या वेळी काय करायला हवं होतं, तर गेलेली पायरी नव्या लोकांसाठी पुन्हा उभी करायला हवी होती. त्याऐवजी जुन्या-नव्या सगळ्यांना एकच फॉर्म दिला.

अमेरिकेत तर याची पाच-सहा वर्षं ओढाताण चालली. २०१२ च्या कायद्यात काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, एफएएला स्पष्ट सांगितलं होतं की संघटनेच्या नियमांनुसार उडणाऱ्या मॉडेल विमानांवर नवे नियम करू नका, तरी डिसेंबर २०१५ मधे रजिस्ट्रेशन आलं, मे २०१७ मधे कोर्टाने ते छंदवाल्यांपुरतं रद्द केलं, डिसेंबर २०१७ मधे काँग्रेसने परत लागू केलं आणि २०१८ मधे ती जुनी सवलतच काढून टाकली. यात सामान्य उडवणाऱ्याने आज काय कायदेशीर आहे ते कुठून समजून घ्यायचं?

त्या रजिस्ट्रेशनसोबत जो २५० ग्रॅमचा आकडा आला तो आज जगभर फिरतोय, त्याबद्दल बोललंच पाहिजे. २०१५ मधे एफएएने नेमलेल्या गटाने एक हिशोब केला, वरून पडणारी वस्तू ८० ज्यूल ऊर्जेने डोक्यावर आदळली तर जीव जाऊ शकतो असं धरलं, पडण्याचा वेग सेकंदाला २५ मीटर धरला, आणि त्यातून २५० ग्रॅम आले. हिशोब म्हणून ठीक आहे, पण त्यात वस्तू कशाची आहे हे येतच नाही. मोठ्या पंखाचं चारशे ग्रॅमचं फोमचं ग्लायडर मोटर बंद पडली तरी तरंगत तरंगत सावकाश खाली येतं, आणि लागलं तर फोमच मोडतो. २४९ ग्रॅमचा कडक प्लास्टिकचा ड्रोन बंद पडला तर दगडासारखा सरळ खाली. नियमाप्रमाणे पहिल्याला रजिस्ट्रेशन, दुसऱ्याला नाही. आणि कंपन्यांनी काय केलं तर बरोब्बर २४९ ग्रॅमचे ड्रोन काढले, २०१९ चा मॅव्हिक मिनी त्यातलाच, कॅमेरा आहे, जीपीएस आहे, किलोमीटरच्या किलोमीटर जातो. ज्या यंत्रामुळे नियमांची गरज पडली तेच यंत्र नियमातून सुटलं आणि फोमचं ग्लायडर अडकलं. युरोपने निदान कॅमेरा असेल तर २५० ग्रॅमच्या खाली सुद्धा ऑपरेटरचं रजिस्ट्रेशन मागितलंय, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण तिथे प्रश्न यंत्र काय करू शकतं हा आहे. ब्रिटनने २०२६ पासून उडवणाऱ्याच्या परीक्षेची आणि आयडीची मर्यादा १०० ग्रॅमवर आणली, आणि कॅमेरा असेल तर ऑपरेटरच्या रजिस्ट्रेशनचीही. त्याने पळवाट बंद होते हे खरं, पण त्याच जाळ्यात खोलीभर उडणारी, १०० ग्रॅमच्या वरची छोटी घरगुती विमानंसुद्धा मैदानावर नेली की सापडतात.

उंचीचं पण असंच. ४०० फूट किंवा १२० मीटर हा आकडा ड्रोनसाठी मला मान्य आहे, खऱ्या विमानांची वर्दळ साधारण ५०० फुटांपासून सुरू होते म्हणून मधे थोडी जागा ठेवायची. पण थर्मल ग्लायडर उडवणाऱ्याला तो आकडा म्हणजे छंदच बंद. ग्लायडरला इंजिन नसतं, गरम हवेचा वर जाणारा झोत शोधायचा, त्यात गोल गोल फिरत उंची मिळवायची, मग पुढचा झोत शोधायला निघायचं. चार मीटर पंखाचं ग्लायडर ४०० फुटांच्या वर छान स्वच्छ दिसतं, आणि ते उडवणारा माणूस मान वर करून सारखा आकाशच बघत असतो, त्याच्याइतकं आकाश दुसरं कोणी बघत नसेल. ब्रिटनने हे समजून घेतलं, तिथे संघटनांच्या सदस्यांना ठराविक वजनाच्या आतल्या विमानांसाठी ४०० फुटांच्या वर जायची परवानगी आहे आणि मल्टीरोटर, म्हणजे अनेक पंख्यांच्या, ड्रोनला ती नाही. युरोपच्या २०१९ च्या नियमावलीतही सोळावं कलम खास क्लब आणि संघटनांसाठी आहे, प्रत्येक देशाने त्यांना वेगळी परवानगी देऊन त्यांच्या पद्धतीने उडवू द्यावं अशी त्यात सोय आहे. म्हणजे फरक करता येतो, केलेला आहे, आणि त्याने आकाश काही कोसळलं नाही.

रिमोट आयडीबद्दल माझं मत थोडं मिश्र आहे. यात ड्रोन उडताना आपला नंबर, जागा, उंची आणि उडवणारा कुठे आहे हे वायफाय किंवा ब्लूटूथवरून सतत सांगत राहतो आणि साध्या फोनवर ते बघता येतं. लांब जाऊ शकणाऱ्या, स्वतः तरंगणाऱ्या ड्रोनला हे असावं असं मला मनापासून वाटतं, खिडकीबाहेर घिरट्या घालणारा ड्रोन कोणाचा हे विचारायचा लोकांना हक्क आहे. पण मैदानावर उभा असलेला माणूस कुठे आहे हे सांगायला यंत्र कशाला हवं, तो तिथेच उभा आहे, विमानासमोर, सगळ्यांना दिसतोय. आणि एकटं मैदानात उडवणारं पंधरा वर्षांचं पोर नेमकं कुठे उभं आहे हे कुठल्याही अनोळखी माणसाला फोनवर दिसणं मला बरोबर वाटत नाही, ती माहिती पोलिसांपुरती ठेवता आली असती. अमेरिकेत यावर उपाय म्हणून एफएएने मान्य केलेली मैदानं आहेत, तिथे आयडीशिवाय उडवता येतं. कल्पना उत्तम. पण असं मैदान मागायचा अधिकार फक्त मान्यताप्राप्त संघटना आणि शिक्षणसंस्थांना आहे, गावाबाहेरच्या माळावर चार मित्र मिळून उडवत असतील तर त्यांनी काय करायचं याचं उत्तर त्यात नाही.

लंडनच्या गॅटविक विमानतळाची आठवण इथे काढावीच लागते, कारण सगळ्या कडक नियमांच्या बाजूने तेच उदाहरण दिलं जातं. डिसेंबर २०१८, ड्रोन दिसल्याच्या तक्रारींवरून विमानतळ बंद, सुमारे हजार फ्लाइट्स आणि १ लाख ४० हजार प्रवासी अडकले. लोकांचे हाल झाले आणि राग येणं अगदी साहजिक आहे. पण विमानतळाच्या एक किलोमीटरच्या आत ड्रोन उडवायला ब्रिटनमधे त्याच वर्षी जुलैपासून बंदी होती, आणि गुन्हेगार शेवटपर्यंत सापडला नाही. जो माणूस असं करायला निघालाय तो रजिस्ट्रेशन करून, नंबर चिकटवून जाणार आहे का? त्याला पकडायला विमानतळावर शोधयंत्रणा लागते, आणि पैसा-मनुष्यबळ तिकडे जायला हवं.

नियम अती झाले तर काय होतं ते भारतात दिसलंच. ऑक्टोबर २०१४ मधे डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, एका नोटिशीने नागरी ड्रोन सरसकट थांबवले, २०१८ मधे परवानगीशिवाय टेकऑफच नाही अशी यंत्रणा आली, १२ मार्च २०२१ ला आणखी जड नियम आले, आणि पाच महिन्यांत, २५ ऑगस्टला, सरकारने ते सगळे मागे घेऊन ड्रोन रूल्स २०२१ आणले. फॉर्म २५ वरून ५ झाले, फीचे प्रकार ७२ वरून ४. दोन किलोपर्यंतच्या यंत्राला धंद्यासाठी वापर नसेल तर पायलट सर्टिफिकेट नको, आणि २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानाला, म्हणजे शिकायला, संशोधनाला किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या विमानाला, टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या डिझाइनला सरकारी मान्यता, नको. या व्याख्येतले "नजरेच्या टप्प्यात" हे शब्द मला फार मोलाचे वाटतात, कारण तिथे वजनापेक्षा माणूस काय करतोय याला किंमत दिलेली आहे. सरकारने मागे वळून दुरुस्ती केली याचं मी कौतुकच करतो.

आता कोणी म्हणेल की मग रेघ कुठे मारायची, आजकाल विमानातही जीपीएस बसवता येतं आणि एफपीव्हीवाले ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा चष्मा लावून ड्रोन उडवतात पण शंभर मीटरच्या बाहेर जात नाहीत. रास्त शंका आहे. माझं उत्तर असं, की यंत्र उडवणाऱ्याच्या मदतीशिवाय स्वतःची वाट काढू शकत असेल किंवा स्क्रीन बघून लांब पाठवता येत असेल तर त्याला ड्रोनचे पूर्ण नियम लावा, मग त्याला पंख असोत की चार पंखे. चष्मा लावणाऱ्याच्या शेजारी उघड्या डोळ्यांनी बघणारा दुसरा माणूस हवाच, आणि बऱ्याच देशांत तो नियम आहेही. जे यंत्र हात सोडला की पडणार आहे त्याला ठरलेल्या मैदानावर क्लबच्या जबाबदारीवर मोकळं सोडा. आणि क्लबने जबाबदारी घेतली म्हणजे ती खरोखर घ्यायची, रेषेच्या मागे कोणी उडवलं, गर्दीवरून नेलं, तर त्याला त्या दिवशी घरी पाठवायचं, मग तो अध्यक्ष का असेना. मॉडेलवाले सगळे सज्जन असतात असं मी म्हणणार नाही, मोठी विमानं जीवघेणी असू शकतात आणि लोक जखमी झालेलेही आहेत. म्हणूनच एकट्यादुकट्यापेक्षा क्लबात उडवलेलं बरं, आणि म्हणूनच क्लब जगवणारे नियम हवेत.

यात सगळ्यात जास्त भरडली जातात ती मुलं. राइट बंधूंना १८७८ मधे वडिलांनी पेनो या फ्रेंच संशोधकाच्या डिझाइनवरचं रबरबँडवर उडणारं खेळणं आणून दिलं होतं आणि उडण्याचं वेड तिथून लागलं असं ते स्वतः सांगायचे. आजच्या बारा वर्षांच्या मुलाने स्वतः विमान बनवलं तर त्याच्या आधी खातं, ओळखपत्र, पालकांची संमती, नकाशा, आयडी मॉड्यूल असा रस्ता उभा राहतो, आणि तयार ड्रोनवाल्या मोठ्या माणसाला तो रस्ता जास्त सोपा आहे, कारण त्याच्या यंत्रात सगळं कंपनीनेच बसवून दिलेलं असतं. हाताने बनवणाऱ्याला शिक्षा आणि विकत घेणाऱ्याला सोय, असा नियमांचा परिणाम होतोय. रबरबँडची विमानं, तारेला बांधून गोल फिरवायची कंट्रोल लाइनची विमानं, हाताने फेकायची ग्लायडरं यांना तर सगळ्या नियमांच्या बाहेर ठेवावं, जिथे अजून ठेवलेलं नसेल तिथे.

हे बदलता येतं हे पण सांगतो, कारण बरेच जण कंटाळून सोडून देतात. एफएएने डिसेंबर २०१९ मधे रिमोट आयडीचा पहिला मसुदा काढला तेव्हा इंटरनेटला सतत जोडलेलं असण्याची अट होती आणि मान्य मैदानासाठी फक्त पहिल्या बारा महिन्यांतच अर्ज करता येणार होता, म्हणजे जुनी मैदानं एकेक करून संपली असती आणि नवीन आलीच नसती. त्यावर पन्नास हजाराच्या वर लोकांनी लेखी हरकती पाठवल्या. जानेवारी २०२१ च्या अंतिम नियमात इंटरनेटची अट गेली, बारा महिन्यांची मुदत गेली, शिक्षणसंस्थांना अर्ज करायची मुभा मिळाली. हरकती लिहिणारे बहुतेक साधेच लोक होते, वकील नव्हते, त्यांनी आपण कुठे उडवतो, कसं उडवतो, काय काळजी घेतो एवढं लिहून पाठवलं. कुठल्याही देशात मसुदा निघाला की हरकतींसाठी काही दिवसांची मुदत असते, त्या मुदतीत क्लबने एक सामूहिक पत्र पाठवून थांबू नये, प्रत्येक सदस्याने आपल्या शब्दात आपल्या मैदानाची माहिती लिहावी, सोबत फेलसेफ चेकची आपली पद्धत लिहावी, आणि जवळच्या विमानतळाच्या टॉवरशी आपला काय करार आहे त्याची प्रत जोडावी, नसेल तर मसुद्याची वाट न बघता तो आधी करून घ्यावा.